आलं का चित्र?

१ जानेवारी

यंदा कंपनीची डायरी आली न्हाई. दरवर्षी हे बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यातून निळ्या कव्हरची डायरी आणतात आणि ती माझी असते. विचारलं तर म्हणाले, "यंदा छापल्याच न्हाईत." एवढा मोठा कारखाना आणि डायरीत चिक्कूपणा! मग मागच्या वर्षीचीच काढली, तारखा खोडून लिहायलेय. वार जुळत न्हाईत. न जुळू देत, कोण वाचायलंय?

४ जानेवारी

आज आमच्या घराचं नाक कापलं गेलं, आणि ते बी घरच्याच माणसानं, शिडी लावून.

टीव्हीचा रिचार्ज कधीचा संपलाय. मी रोज आठवण करायले, हे रोज "बघतो" म्हणायलेत. आज ड्युटीवरून आले ते एक छोटा काळा बॉक्स घेऊनच. डोक्याला टॉवेल गुंडाळला, पाना घेतला आणि चढले स्लॅबवर. आपली डिशची जुनीच छत्री फिरवायची आणि सरकारचे फुकटचे चॅनल धरायचे म्हणे, मग जन्मात रिचार्ज नको.

वरून हे ओरडायचे, "आलं का चित्र?" आणि मी दारात उभी राहून टीव्हीकडं बघत ओरडायचं, "न्हाई आलं!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" सगळी गल्ली ऐकायली. समोरची जगदेवी तर तांदूळ निवडायचे सोडून बघत बसली. शेवटी चित्र आलं, पण माझी मालिका ज्या चॅनलवर लागते तो चॅनल न्हाईच त्यात.

आमच्या गल्लीत एकाच एजंटानं सगळ्यांच्या छत्र्या बसवल्यात. सगळ्यांची तोंडं एकीकडं. आता आमचीच तेवढी वाकड्या तोंडाची दिसायलीय. हे म्हणाले, "सरकारचं हाय गं, सगळ्यांसाठी हाय. चोरी थोडीच हाय." चोरी नसली म्हणून काय झालं? फुकट ते फुकटच.

७ जानेवारी

जगदेवीनं विचारलंच. "भुवनक्का, तुमची छत्री अशी कामून फिरली ओ?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "वानरांनी फिरवली बघ. लई त्रास झालाय मेल्यांचा."

९ जानेवारी

देवा, कुठं तोंड लपवू!

दुपारी आमची लेक पवित्रा शाळेतून शिकवून आली, टीव्ही लावला, तर नुसता निळा पडदा. मी बाहेर येऊन बघते तर जगदेवीचा नवरा काशाप्पा आमच्या स्लॅबवर. घाम पुसत म्हणतो, "अक्का, वानरांनी फिरवली होती न्हवं? केली बघा सरळ, सगळ्यांसारखी." मी त्याला चहा दिला, वर आभार मानले.

संध्याकाळी हे परत चढले आणि परत वाकडी केली. काशाप्पा खालून बघतच राहिला. त्याला ह्यांनी सरळ सांगून टाकलं, "आमी फुकटचे चॅनल लावलेत, काशाप्पा." एवढ्या सहज सांगितलं, जशी काही मोठी बहादुरी केलीय. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

११ जानेवारी

आज येळवस, शेतात पूजा करून जेवायचा सण. आमचं शेत न्हाई, म्हणून दरवर्षी जगदेवीच्या शेतात जातो, भज्जी-आंबील खातो. यंदा त्या वानराच्या लाजेनं मी गेले न्हाई. ह्यांची ड्युटी होती.

हे संध्याकाळी आले ते जेवूनच. पिशवीत हरभऱ्याचे डहाळे. "कारखान्यात एकानं दिले." चपला मात्र काळ्या मातीनं भरलेल्या, आणि मी सकाळीच फरशी पुसलेली. मी म्हटलं, "कोळारात सगळी लाल माती, ही काळी कुठनं तुडवून आणली?" ह्यांनी चपला उचलून न्हाणीत नेल्या आणि धुवायला बसले. सणाच्या दिवशी उगं बोलले असं वाटलं.

१८ जानेवारी

मालिकेवर बायका बोलायल्या. मी एक भाग बघितला न्हाई हे कुणाला कळू नये म्हणून म्हटलं, "त्या सुनेनं सासूला सगळं सांगून टाकायला पाहिजे बघा." सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. सासू मरून वर्ष झालं म्हणे! फुकटच्या चॅनलवर तसलीच एक शिळी मालिका लागते, तिच्यातली सासू जिती हाय, तीच माझ्या डोक्यात. जगदेवी पदरात तोंड घालून हसली.

घरी येऊन ह्यांच्यावर तोंड टाकलं. एवढे कोळारचे सुपरवायझर आणि बायकोला एक मालिका बघायला मिळंना. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. आजकाल काही बोललं तरी ऐकूनच घेतात.

२७ जानेवारी

पवित्रासाठी स्थळ आलंय. उदगीरची सत्यभामाबाई मध्ये हाय. ती माझ्या माहेरची ओळखीची, ह्यांना तिनं कधी बघितलेलं न्हाई. मुलगा अमरेश, कमलनगरात खताचं दुकान, घर जवळच्याच खेड्यात, आपल्यातलेच लोक. पवित्राला फोटो आवडला. मान खाली घालून "बघा तुमी" म्हणाली, पण फोटो परत दिला न्हाई.

मी ह्यांना सांगितलं, "तुमी सुपरवायझर हाव म्हणून कळवलंय." हे म्हणाले, "सुपरवायझर कामून सांगायलीस? नुसतं काम करतात म्हण." मी म्हटलं, "का, खोटं हाय का?" मग गावाचं नाव विचारलं. घर कोणत्या अंगाला, मारुतीच्या की वेशीच्या, ते बी विचारलं. एवढी चौकशी कधी करत न्हाईत.

कारखान्यात काम कमी झालंय वाटतं. कंपनीचा शर्ट मळतच न्हाई. उलट ह्यांची मान तेवढी उन्हानं काळी पडायलीय. विचारलं तर "गोडाउनात बसवलंय" म्हणाले. गोडाउनाला छप्पर न्हाई का, विचारायचं राहून गेलं.

५ फेब्रुवारी

मी छत्री सरळ करून घ्या म्हणून हट्ट धरला. स्थळाचे लोक घरी येतील, वर बघतील, काय म्हणतील? फुकटे म्हणतील. रागाच्या भरात जगदेवीच्या समोरच बोलले, "लेकीच्या लग्नात बी फुकटचंच जेवण घालणार हाव काय?" हे हातातला तांब्या ठेवून बाहेर निघून गेले. पवित्रा म्हणाली, "अम्मा, बास कर. तुला काही कळत न्हाई." आईला असं बोलतात का? तिच्याशी बोलायचं बंद केलंय.

१५ फेब्रुवारी

काल लिहिता आलं न्हाई. आज बी हात चालंना, पण लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय न्हाई.

काल सकाळी हे ड्युटीवर गेल्यावर सत्यभामाबाईचा फोन आला. "आज आपण बायकाच जाऊन घर बघून येऊ, पुरुषांचं मागनं बघू." ह्यांना फोन लावला, उचलला न्हाई. मग गेले. कमलनगरच्या बस स्टँडवर ती भेटली, पुढं जीपनं गाव. सगळी काळी माती.

घर चांगलं हाय. अमरेशची आई सिद्धम्मा दारात आली, पाणी दिलं, बैठकीत खुर्च्यांवर बसवलं. सत्यभामाबाईनं सुरू केलं, "पोरीचे वडील कोळारला सुपरवायझर हायत, मोठ्या कारखान्यात." सिद्धम्मानं विचारलं, "मालक न्हाई आले?" मी म्हटलं, "ड्युटी हाय त्यांची. सुट्टी मिळत न्हाई." चांगली मान ताठ करून म्हटलं.

टीव्ही चालूच होता, पडदा निळा. सिद्धम्मा हसून म्हणाली, "छत्री फिरवून घ्यायलोय. फुकटचे चॅनल लागतात म्हणे. वर माणूस चढलाय." मला केवढं बरं वाटलं! ह्या घरात बी फुकटचंच, मग आमच्या छत्रीला कोण नावं ठेवतंय? तेवढ्यात आत दूध उतू जायच्या बेताला आलं. ती उठता उठता म्हणाली, "अक्का, तुमी दाराजवळ हाव, चित्र आलं की जरा ओरडून सांगता का त्याला?"

मी दारात उभी राहिले आणि वरून आवाज आला, "आलं का चित्र?"

आवाज ह्यांचा.

मला वाटलं कानात वारं गेलंय. परत आवाज, "आलं का ओ?" मी टीव्हीकडं बघत म्हटलं, "न्हाई आलं."

वर पान्याचा आवाज थांबला. मला कळलं की त्यांना बी कळलं. आता खाली येतील, म्हणतील, अगं तू इथं कशी? सत्यभामाबाई माझ्या मागं बसलेली, सुपरवायझर हा शब्द अजून तिच्या तोंडातच. मी मनात म्हटलं, देवा, ह्यांना बोलू देऊ नको.

मग वरून अगदी परक्या माणसासारखा आवाज आला, "आता बघा, अक्का."

अक्का म्हणाले मला.

मी म्हटलं, "आलं."

"पक्कं हाय का, अक्का?"

"पक्कं हाय."

हे खाली उतरले तर माझ्याकडं बघितलं बी न्हाई. अंगात जुनं बनियन, डोक्याला टॉवेल, कपाळावरची विभूती घामानं वाहिलेली. सिद्धम्मानं विचारलं, "अण्णा, तुमी आपल्यातलेच दिसायलात, गाव कोणतं?" म्हणाले, "भालकीकडचं." तिनं त्यांना ओसरीवर बसवून भाकरी वाढली. आमी आत खुर्चीवर बसून चहा-बिस्कीट खाल्लं. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसायली. जेवल्यावर त्यांनी आपलं ताट नळावर नेऊन घासून पालथं ठेवलं. घरी कधी ताट उचलत न्हाईत.

हे माझे मालक हायत, एवढे शब्द तोंडातून निघाले न्हाईत.

१६ फेब्रुवारी

परवा संध्याकाळी हे नेहमीच्याच वेळी आले. कंपनीचा शर्ट, हातात डबा. पाय धुतले, टीव्हीसमोर बसले. मी पाणी दिलं. शेवटी हेच म्हणाले, "चांगली माणसं हायत."

कारखान्यातला त्यांचा विभाग दिवाळीतच बंद पडला. तवापासून हे पहाटेची बस धरून कमलनगर, औराद, त्या अंगाच्या खेड्यांत छत्र्या फिरवत हिंडायलेत. तिकडं ओळखीचं कुणी न्हाई म्हणून तिकडं. आणि त्या गावात हे चुकून गेले नव्हते. मुद्दाम गेले होते. "पाहुणा म्हणून गेलो असतो तर गोडच बोलले असते," म्हणाले. "लेक द्यायची तर घर बघायला नको? कामाच्या माणसाला कसं वागवतात ते बघायचं होतं. आल्या आल्या पाणी विचारलं बघ मला त्या माउलीनं. ऊन उतरू द्या, मग चढा म्हणाली."

मी रडायले. मला सांगितलं कामून न्हाई, विचारलं. हे टीव्हीकडं बघत म्हणाले, "छत्री फिरवली तर तू एवढी लाजलीस. हे कसं सांगू?"

काळी माती मी पुसली, कोरा शर्ट मीच धुतला. पवित्राला तर महिन्यापूर्वीच कळलंय. तिनंच त्यांच्या फोनमध्ये दिशा बघायचं यंत्र घालून दिलं होतं.

२७ फेब्रुवारी

रविवारी सिद्धम्मा आणि अमरेश पवित्राला बघायला येणार. आता ह्यांना बघितलं की ती ओळखणार. हेच म्हणाले, "मी त्या दिवशी घरी राहत न्हाई. कंपनीच्या कामानं हैदराबादला गेलेत म्हण. लग्न ठरू दे, मग बघू."

आणि मी बरं म्हटलं. लिहिताना लाज वाटायली, पण बरं म्हटलं. वर विचारलं बी, "दुपारपर्यंत तर येणार न्हाई न्हवं?" हे हसले.

३ मार्च

पाहुणे सांगितल्यापेक्षा आधीच आले. हे चपला घालायले तवर जीप गल्लीच्या तोंडाशी. बाहेर पडायला दुसरी वाट न्हाई. हे मागच्या शिडीनं गपचूप स्लॅबवर गेले.

बाहेर रणरणतं ऊन. आत मी पोहे वाढायले, पवित्रा चहा घेऊन आली, अमरेश चोरून तिच्याकडं बघायला. सत्यभामाबाईनं हैदराबादचं सांगून टाकलं होतंच. सिद्धम्मा बोलकी. आमचा टीव्ही बघून म्हणाली, "तुमच्यात बी हेच चॅनल व्हय? त्या दिवशी तुमीच न्हाई का ओरडून सांगितलं! त्या अण्णानं लावलेलं चित्र अजून हललं न्हाई बघा. लई सज्जन माणूस. पायाला चटके बसत होते तरी चप्पल घालून चढला न्हाई. खाली देवघर हाय म्हणाला."

स्लॅब आमची बी तापलेली होती, आणि चपला खाली दारातच राहिलेल्या. मी त्या चपलांकडं बघायले. पवित्रा माझ्याकडंच बघायली, एकटक.

मी हातातली पोह्यांची बशी ठेवली, अंगणात गेले आणि वर तोंड करून ओरडले, "पवित्राचे अप्पा, उतरा खाली! पाहुणे आलेत!" जगदेवी दारात आली. परत ओरडले, "उतरा म्हणते न्हवं! पाय भाजायलेत तुमचे!"

हे उतरले. सिद्धम्मा उठून उभी राहिली. आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "अण्णा, तुमी भालकीचे न्हाई तर." हे म्हणाले, "न्हाई. चुकलं आमचं." अमरेश वाकून पाया पडला, पण सिद्धम्मानं पोहे पुढं खाल्ले न्हाईत. "कळवतो" म्हणून गेले.

९ मार्च

काल शिवरात्र. उपवासाला बसले होते, सिद्धम्माचा फोन आला. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. शांतपणे बोलली.

"अक्का, छत्री फिरवायचं काम मला हलकं वाटत न्हाई. काम गेलं, दुसरं धरलं, त्यात काय? पण माझ्या दारात उभं राहून तुमी तुमच्या मालकाशी ओरडून बोलत होता आणि त्यांना ओळख दिली न्हाई. मी त्यांना ओसरीवर जेवायला बसवलं, ते बी तुमी बघितलं. मला कसं वाटलं असेल? ह्याच घरची पोरगी उद्या माझ्या घरात येणार, एवढंच मनात यायलंय." मग म्हणाली, "नको म्हणत न्हाई. थोडं थांबू."

मी पवित्राला सगळं जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला न्हाई. ती म्हणाली, "बरं." तो फोटो अजून तिच्या पर्समध्ये हाय, मी बघितलाय. हे म्हणाले, "सोड की, उन्हाळा हाय, लोक चिडतात." माझी बाजू घ्यायलेत! त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

१७ मार्च

कमलनगरचा फोन न्हाई. सत्यभामाबाई उचलत न्हाई.

सकाळी जगदेवी आली. रिचार्ज परवडंना म्हणाली, आणि हळूच विचारलं, "अण्णा आमची बी फिरवून देतील का?" आतापर्यंत ह्यांनी इथं बीदरात एक बी छत्री फिरवली न्हाई, माझ्याकडं बघून. आज बी हे माझ्याकडंच बघायले. मीच आतून पाना आणून हातात दिला. हे चपला काढून काशाप्पाच्या स्लॅबवर चढले.

रविवार म्हणून गल्लीत सगळे होते. टीव्हीसमोर जगदेवी बसली होती, पण दारात मी जाऊन उभी राहिले. वरून आवाज आला, "आलं का चित्र?"

पुढं काय म्हणतात म्हणून मी थांबले. अक्का म्हणाले असते तर ते बी ऐकून घेतलं असतं. मग आवाज आला, "पवित्राची आई, आलं का?"

मी बाहेर अंगणात आले, सगळ्यांच्या मध्ये, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "न्हाई आलं ओ! अजून जरा फिरवा!"